पाण्याची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जळगावच्या दाणाबाजारातून किंवा धुळ्याच्या पाचकंदिलावरून एक चक्कर मारली, तर अजूनही एखाद्या जुन्या पेढीवर लाल कापडी बांधणीची नवी वही पाटावर मांडलेली दिसते. हिशेब आता यंत्रावर होतात, पण पूजा वहीचीच होते. पहिल्या पानावर स्वस्तिक निघते, हळदकुंकू वाहिले जाते, आणि शेटजी मागील शिल्लक नव्या पानावर ओढून घेतात. शिल्लक किती, येणे किती, देणे किती हे कळल्यावाचून शहाणा व्यापारी नव्या वर्षाचा सौदा करीत नाही.

शेतकऱ्याचे खरे भांडवल पाणी. त्याची वही मात्र बहुतेक गावांत कोणीच ठेवीत नाही. पाऊस उघडला की विहिरीत किती उरले, नाल्यात किती मुरले याची चौकशी न करता ज्याने त्याने आपापल्या वावरात रब्बीची पेरणी करावयाची, आणि फाल्गुन लागला की गावाच्या वेशीवर टँकरची वाट पाहावयाची, हा आमचा अलीकडचा रिवाज. परंतु याच खानदेशात एके काळी गावाने गावासाठी पाण्याचा हिशेब ठेवला होता, आणि तो एकदोन वर्षे नव्हे, तीनचारशे वर्षे चालविला होता. हवामान बदलले, ऋतू बिघडले, आता गावाने आणि शहराने काय करावे, असा प्रश्न जो तो विचारतो आहे. म्हणून त्या जुन्या हिशेबाची गोष्ट या दिवाळीत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

खानदेशचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला सह्याद्री, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. पावसाळी ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपले ओझे उतरवतात आणि हलके होऊन आमच्याकडे येतात. त्यामुळे मैदानी भागात वर्षाकाठी साधारण पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे वीस ते अठ्ठावीस इंच. आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. पण डोंगरात उगम पावणाऱ्या नद्या त्या ढगांचे ओझे खाली घेऊन येतात. साक्री तालुक्यात उगम पावणारी पांझरा ही त्यांतलीच एक. पिंपळनेरवरून, साक्रीवरून ती धुळ्याला येते, आणि पुढे उत्तरेकडे वळून मुडावदजवळ तापीला मिळते. नदी डोंगराचे पाणी आणते, पण आणते तशी घेऊनही जाते. तिला वाटेत थोडे थांबवावे आणि शेतात फिरवावे, ही युक्ती आमच्या पूर्वजांनी काढली. तिचे नाव फड.

फडाची रचना मोठी साधी. नदीच्या पात्रात दगडी बंधारा घालावयाचा. त्याच्या अंगाने पाट काढावयाचा. पाटाला चाऱ्या, चाऱ्यांना शेतात जाणारे दांड, आणि जादा झालेले पाणी परत नदीला मिळेल अशी सांडण्याची वाट. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार मोठे भाग पाडलेले असत. त्या प्रत्येक भागाला फड म्हणत. एकेक फड लहान असला तर दहा हेक्टरांचा, मोठा असला तर दोनशेपर्यंत. पंप नाही, इंजिन नाही. उतारावरून पाणी आपल्या पायांनी चालत येई.

इथपर्यंत सगळे स्थापत्यशास्त्र झाले. खरी करामत पुढेच आहे. एका फडात एकच पीक घ्यावयाचे, असा दंडक होता. उसाच्या फडात सगळा ऊस, गव्हाच्या फडात सगळा गहू. कोणत्या साली कोणत्या फडाला पाणी द्यावयाचे, कोणता फड पडीत ठेवावयाचा, ऊस एका फडात की दोन फडांत, हे गावचे पंच नदीचे पाणी पाहून दर वर्षी ठरवीत. पाणी भरपूर असले तर ऊस वाढे. कमी असले तर हंगामी पिकांवर भागवीत. पुष्कळ ठिकाणी एकाच शेतकऱ्याची जमीन थोडी थोडी निरनिराळ्या फडांत असे. म्हणून एक फड पडीत राहिला तर एकाचेच पोट मारले जात नसे. तूट सगळ्यांच्या ताटात थोडी थोडी वाढली जाई.

पाणी फिरविण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः चारीला हात लावावयाचा नाही. पाटकरी रांगेने एकेक वावर भिजवीत जाई. पाटलाचे वावर आधी आणि गरिबाचे मागून, असे त्याला करता येत नसे, कारण सगळ्यांचे डोळे त्याच्या फावड्यावर असत. पिकाची आणि पाण्याची राखण करावयाला जागल्या असे. दोघांनाही मोबदला पिकातून, म्हणजे सगळ्या गावाकडून मिळे. पाटातला गाळ काढावयाचा, पुराने बंधारा खचला तर दुरुस्त करावयाचा, तेव्हा पाण्याच्या वाटेकऱ्यांनी घरटी माणूस पाठवावयाचा.

आम्ही मास्तर लोक. मुलांची सहल म्हणजे दरवेळी किल्ला किंवा देऊळच का असावे, म्हणून एके वर्षी वर्गाला पांझरेकाठचा असा एक बंधारा दाखवावयास नेले. फडाची ही हकिकत सांगून झाल्यावर एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, “गुरुजी, पण माझ्या बापाच्या वावरात काय पेरायचं ते गावानं का ठरवायचं?” सगळी मुले हसली, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. या एका प्रश्नात गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मी त्याला एवढेच म्हणालो, “वावर तुझ्या बापाचं, पण पाणी?” त्याचे समाधान झाले की नाही, मला सांगता येणार नाही.

*

हा दीडशे वर्षांचा इतिहास कोठून सुरू करावयाचा? मला वाटते १८७९ पासून. त्या वर्षी मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला, आणि नद्यांच्या पाण्यावर सरकारी खात्याचा अधिकार कागदोपत्री पक्का होऊ लागला. पुढे तीनच वर्षांनी, १८८२ साली, लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा आपला प्रसिद्ध ठराव केला. आणि १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा आला. आता गंमत पाहा. स्वराज्याचा पहिला तुकडा लोकांच्या हाती आला तेव्हा त्यात रस्ते होते, धर्मशाळा होत्या, शाळा आणि दवाखाने होते. नदीचे पाणी मात्र आधीच दुसऱ्या कचेरीच्या दप्तरात जाऊन बसले होते. लोकनियुक्त मंडळी एका खोलीत आणि पाणी दुसऱ्या खोलीत, ही वाटणी तेव्हा झाली. मधली भिंत आजही पुरती पडलेली नाही.

योगायोग असा की त्याच १८८४ साली विशीतला एक इंजिनिअर मुंबई सरकारच्या नोकरीत शिरला आणि लवकरच खानदेशात आला. पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे पाटाचे पाणी नळांतून पलीकडे नेणारी वक्रनलिका बांधण्याचे काम त्याच्याकडे आले. पावसात नदी फुगावी, कामात वाळू शिरावी, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा, असे ते काम. पुढे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हणून जगाने ज्यांना ओळखले, त्यांच्या कारकिर्दीचे हे पहिले धडे आमच्या पांझरेने दिले. याचा अभिमान आम्हांस अवश्य आहे. पण ज्या नदीवर त्यांनी विद्येचे काम केले, त्याच नदीवर गावोगावचे निरक्षर पंच व्यवहाराचे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. बंधारा बांधणे ही एक विद्या, आणि त्यातले पाणी भांडण न होता वाटणे ही दुसरी. पहिलीची महाविद्यालये निघाली. दुसरीची शाळा गावातच होती, ती हळूहळू ओस पडली.

स्वातंत्र्यानंतर ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ साली झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या. विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या. पांझरेच्या खोऱ्यात मालनगाव, लाटीपाडा आणि पुढे अक्कलपाडा अशी धरणे झाली. धरणे नकोत असे कोण म्हणेल? १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडून ज्यांनी पोरे जगविली, ते तर म्हणणार नाहीत. पण धरणाचे पाणी केव्हा सोडावयाचे हे गावाबाहेर ठरू लागले, आणि विहिरीचे पाणी किती उपसावयाचे हे एकेकट्याच्या बटणावर आले. पंचांना ठरवावयास उरले काय? काही बंधारे अजून उभे आहेत, काही पाटांतून पाणीही फिरते; परंतु फड हा शब्द आमच्या मुलांना कुस्तीचा किंवा तमाशाचा म्हणूनच अधिक ठाऊक आहे.

*

आता आजच्या संकटाकडे येऊ. खानदेशला लहरी निसर्ग नवा नाही. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरा आणि गिरणा यांना असा पूर आला की धुळ्यातील शेकडो घरे वाहून गेली. १८९९-१९०० चा छपन्याचा दुष्काळ आजोबा-पणजोबांच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेला आहे. मग नवे काय आहे? नवे आहे ते संकटांचे वेळापत्रक. १८५०-१९०० या काळाच्या मानाने २०११-२०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक भरले. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ पोटात धरू शकते. म्हणजे धरते तेव्हा धरूनच ठेवते आणि सोडते तेव्हा एकदम ओतते. पावसाची बेरीज तीच राहिली तरी तो थोड्या तासांत कोसळतो आणि मध्ये आठवडेच्या आठवडे दडी मारतो. २०१९ च्या ऑगस्टात पांझरेने धुळेकरांना आपले जुने रूप पुन्हा दाखविले. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. रावेर-यावलच्या केळीची पाने करपतात, आणि रोहिण्या-मृगाच्या सुमारास वादळ सुटले तर घडाने लगडलेले बाग एका तासात आडवे होतात. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाचा कागद वाऱ्याला अडवीत नाही.

या संकटावर जगाच्या परिषदांत काय ठरावयाचे ते ठरो. धूर कमी करण्याचा मोठा भार मोठ्या देशांनी उचललाच पाहिजे. पण पाऊस पडतो तो गावाच्या शिवारात, आणि ऊन लागते ते नाक्यावर मजुरीसाठी उभ्या राहिलेल्या माणसाला. तेथे पंचायत आणि नगरपालिका यांच्याइतके जवळचे दुसरे कोण आहे?

आमच्या धुळे जिल्ह्यातच याची दोन उत्तरे पाहावयास मिळतात, आणि दोन्ही एकमेकांपासून फार निराळी आहेत.

पहिले शिरपूरचे. या तालुक्याचा काही भाग काळ्या पाषाणाचा, तर तापीकडचा भाग खोल गाळाचा. गाळात पिवळ्या मातीचे घट्ट थर. पाणी खाली झिरपेना, विहिरी आटल्या आणि कूपनलिका खोल खोल जाऊ लागल्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ च्या सुमारास आमदार अमरीशभाई पटेल यांच्या साह्याने नाले रुंद केले, दहापंधरा मीटरपर्यंत खोल नेले आणि त्यांवर बंधाऱ्यांची माळ बांधली. मातीचा थर फुटला, पाणी खाली उतरले, विहिरी भरल्या. शिरपूर पॅटर्न म्हणून त्याचा बोलबाला झाला. त्यावर तज्ज्ञांचे आक्षेपही आले. सगळीकडची जमीन शिरपूरसारखी नसते. सरसकट नाले खोल केले तर वरच्या अंगाच्या भूजलाला भोक पडते आणि एकाचे पाणी दुसऱ्याकडे जाते, असे त्यांचे म्हणणे. २०१३ साली शासनानेही खोलीकरणाला मर्यादा घातल्या. मला यात इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढेच दिसते की शिरपूरने पाणी साठविण्याचा प्रश्न सोडविला. साठलेले पाणी कोणी किती उपसावयाचे, हा फडाचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

दुसरे उत्तर साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे. गुजरातच्या सीमेजवळचा हा कोकणा आदिवासींचा लहानसा पाडा. जंगल तुटले होते, विहीर आटली होती, बाया डोक्यावर हंडे घेऊन वणवण करीत होत्या. १९९० नंतरच्या वर्षांत चैत्राम पवार या तिथल्याच शिकलेल्या तरुणाने गाव एकत्र केले. गावाने आपणच नियम केले: चोरून झाड तोडील त्याला दंड, चोरी सांगेल त्याला बक्षीस, राखणीला गावचेच राखणदार. डोंगरउतारावर चर खणले, ओढ्यांवर लहान लहान बांध घातले. सुमारे चारशे हेक्टरांचे जंगल पुन्हा उभे राहिले आणि विहिरीत पाणी टिकू लागले. २००४ पासून तेथे रानभाज्यांचा पाककला-मेळा भरतो. जंगल राखल्याचे फळ प्रत्यक्ष ताटात पडते. २०२५ साली पवार यांना पद्मश्री मिळाली. येथे यंत्रे थोडी आणि ठराव अधिक. फडाचा आत्मा कोठे दिसत असेल तर तो या पाड्यात.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तर आमची ही वही प्रत्यक्षच उघडली. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढतात आणि उरेल त्यावर पिके ठरवितात. शेतीसाठी कूपनलिका घ्यावयाची नाही, हाही तिथला दंडक. फडाचे पंच नदीकडे पाहून ठरवीत. हे पर्जन्यमापकाकडे आणि विहिरीकडे पाहून ठरवितात. भेद एवढाच.

कोणी म्हणेल, पंचायतीला अधिकार कोठे आहेत? अधिकार अगदीच नाहीत असे नाही. १९९२ सालच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी एकोणतीस विषयांची यादी दिली. त्यात लहान पाटबंधारे, जलव्यवस्थापन आणि पाणलोट विकास आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात अधिसूचित क्षेत्रांसाठी पाणलोट समिती आणि पीक आराखडा यांची सोय आहे. २०१८ पासून ज्या पंधरा जिल्ह्यांत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला त्यात जळगाव आहे, आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद हा त्याचा पायाच आहे. २०२० च्या गांधीजयंतीला सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानाने तर पंचायती आणि नगरपालिकांपुढे भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश ही पंचमहाभूतेच मांडली. कागद आहेत. उणीव आहे ती त्या पोराच्या प्रश्नाला चारचौघांत उत्तर देण्याच्या धैर्याची. मते मागावयाची आणि ‘यंदा केळी वाढवू नका’ असेही सांगावयाचे, हे एकाच सरपंचाला अवघड जाते. जळगाव ठिबकचे माहेरघर; पण ठिबकने वाचविलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बाग लावला, तर वाचले काय? नळी थेंब मोजते, शिल्लक मोजीत नाही. ती मोजणे ग्रामसभेचेच काम.

शहरांचीही वही आहे, पण तिच्यात पाण्याबरोबर उन्हाचे पान हवे. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी २००३ साली महानगरपालिका झाल्या. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्याच्या उष्म्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त मेली. तेथील महापालिका जागी झाली आणि २०१३ साली तिने उष्णतेचा कृती आराखडा केला: आगाऊ सूचना, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, मजुरांच्या वेळांत बदल. पुढे गरिबांच्या पत्र्यांना पांढरा रंगही दिला. यात मोठा खर्च नाही. वेळेवर केलेला विचार आहे. जाड मातीच्या धाब्यांची घरे आणि दारापुढे लिंब, हे जुन्या खानदेशाने उन्हाला दिलेले उत्तर होते. पत्र्याखाली राहणाऱ्याला आज ते मिळत नाही, म्हणून त्याचा विचार पालिकेने करावयाचा. नाल्यांची आणि नदीपात्राची मूळ हद्द आखून ठेवणे, हेही तिचेच काम. १८७२ चा पूर जेथवर आला तेथवर तो पुन्हा येऊ शकतो, हे नकाशा करणाऱ्याने विसरू नये.

जुन्या गोष्टींचे गोडवे गाताना एक कबुली दिली पाहिजे. फड म्हणजे रामराज्य नव्हे. पंचांत स्त्रिया नव्हत्या, पाटाखाली ज्याची जमीन नाही त्याला त्या हिशेबात पान नव्हते. राखण करणाऱ्याच्या वाट्याला धान्य येई, पण शब्द येत नसे. आजची ग्रामसभा त्याहून मोठी आहे. तिच्यात प्रत्येक मतदार आहे. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, आणि हंड्याचे ओझे कोणाच्या मानेवर असते हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून फड जसाच्या तसा परत आणावा असे माझे म्हणणे नाही. त्याची वही तेवढी या मोठ्या सभेत आणावी.

करावयाचे फार नाही. दिवाळी झाली, पाऊस उघडला, रब्बीची तिफण अजून वावरात उतरावयाची आहे, अशा दिवसांत ग्रामसभा भरवावी. पंचायतीच्या भिंतीवर काळ्या फळ्यावर तीन ओळी लिहाव्यात: पाऊस किती पडला, विहिरी-तलावांत किती आहे, माणसे आणि गुरे यांना आषाढापर्यंत किती लागेल. चौथी ओळ, म्हणजे दादर, हरभरा, गहू, केळी यांना किती उरते, ती सर्वांनी मिळून लिहावी. पहिल्या वर्षी भांडणे होतील; होऊ द्यावीत. पाटकऱ्याच्या फावड्यावर सगळ्यांचे डोळे होते म्हणून फड चालला. फळ्यावर सगळ्यांचे डोळे असतील तर ही वहीही चालेल.

त्या सहलीतला पोरगा आता मोठा झाला असेल. बापाचे वावर कदाचित त्याच्याच नावावर आले असेल. लक्ष्मीपूजनाची वही पुजून झाली की तो ग्रामसभेला जाईल, फळ्यावरची शिल्लक वाचील, आणि मग आपल्या प्रश्नाचे उत्तर त्याचे त्यालाच द्यावे लागेल.